कोथिंबिरीचे पाच रुपये
काल मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून ५ रुपयांसाठी मी चांगली पाच मिनिटं हुज्जत घातली, आणि संध्याकाळी फ्रिज घेताना दुकानदार म्हणाला डिलिव्हरीचे ३०० वेगळे, तर मुकाट हो म्हटलं! बायको नुसती बघत होती. ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना हेच विचारलेलं, की १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर २० मिनिटांवरच्या दुकानात ५ डॉलरने स्वस्त मिळतोय, जाल का? ६८ टक्के हो म्हणाले, पण तोच १२५ डॉलरचा म्हटल्यावर फक्त २९ टक्के. वाचणारे डॉलर तेवढेच, रस्ताही तोच. म्हणजे आपण रुपये मोजतच नाही, टक्के मोजतो. आता हे कळूनही परवा भाजीवाल्या मावशींशी घासाघीस करणारच मी, सवय हो, दुसरं काय.