पॅरिसमध्ये जुन्या रेल्वेपुलावरून पायी: कूले व्हेर्त

पॅरिसला जाणार असाल तर एक सकाळ कूले व्हेर्तसाठी, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या बागेच्या वाटेसाठी, नक्की ठेवा. बास्तीयहून व्हँसेनकडे जाणारा हा रेल्वेमार्ग १८५९ साली सुरू झाला आणि १९६९मध्ये बंद पडला. बास्तीयचं स्टेशन पाडून तिथे ऑपेरागृह उभारलं, पण पुढचा कमानींचा पूल वाचला आणि १९९३मध्ये त्यावर बाग खुली झाली. अशीच जुन्या रेल्वेपुलावर केलेली न्यूयॉर्कची प्रसिद्ध बाग, हाय लाइन, २००९ची, म्हणजे बरीच नंतरची.

बास्तीय मेट्रोला उतरून ऑपेराच्या मागे या. आव्हेन्यू दोमेनील सुरू होतो तिथेच वर जायचा जिना आहे. वर पोचलं की दोन्ही बाजूंना गुलाब, बांबू, वेलींचे मांडव, आणि लोकांच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्या अगदी समोर. रस्त्यावरून चालताना ज्या कोरीव गॅलऱ्या मान वर करूनही धड दिसत नाहीत, त्या इथून निवांत बघता येतात. एका पोलीस ठाण्याच्या माथ्यावर मायकेलअँजेलोच्या गुलामाच्या शिल्पाच्या प्रचंड प्रतिकृती ओळीने उभ्या आहेत, त्या चुकवू नका.

पूल संपला की रयी बाग लागते. हिरवळीवरून पादचारी पूल जातो. इथे सार्वजनिक नळाला चक्क बुडबुडेवालं पाणी येतं, तेही फुकट. रिकामी बाटली जवळ असू द्या.

बरेच पर्यटक इथूनच परत फिरतात. माझा आग्रह आहे, पुढे जा. वाट आधी रस्त्याच्या पातळीला येते, मग खाली उतरते: बोगदे, दोन्हीकडे झाडीने झाकलेले उतार, आणि वर कुठेतरी शहराचा आवाज. धावायला आलेले, मुलांना घेऊन निघालेले स्थानिक लोकच जास्त. मला हाच भाग सर्वांत आवडला.

सगळी वाट साडेचार किलोमीटरच्या आसपास आहे. पुलावर सायकल चालत नाही. लिफ्ट मोजक्याच ठिकाणी आहेत, म्हणून गुडघे दुखत असतील तर जिने कमी चढा-उतरायचे ठेवा. अंधार पडायच्या सुमारास दारं बंद होतात. पुलाच्या कमानींखाली कारागिरांच्या कार्यशाळा आहेत. त्या बघायच्या तर कामाच्या दिवशी जा. शेवटाला पोर्त दोरेहून ८ नंबरची मेट्रो थेट बास्तीयला आणते. पायांत दम असेल तर व्हँसेनचं जंगल जवळच आहे.