‘शार्लट’ खपली, पैसे कुणाला मिळाले?

१७९४ साली फिलाडेल्फियात मॅथ्यू केरी या प्रकाशकाने ‘शार्लट : अ टेल ऑफ ट्रुथ’ ही कादंबरी छापली. शीर्षकपानावर लेखिकेची ओळख अशी आहे : मिसेस राउसन, न्यू थिएटर, फिलाडेल्फिया. सुझॅना राउसन आदल्याच वर्षी नाटक कंपनीबरोबर इंग्लंडहून आली होती. गावातले लोक तिला रंगमंचावर पाहत होते, त्यामुळे ही ओळख म्हणजे फुकटची जाहिरातच. शीर्षकातला ‘टेल ऑफ ट्रुथ’, म्हणजे ‘सत्यकथा’, हा शब्द मात्र जास्त महत्त्वाचा.

त्या काळी कादंबरी वाचणारी मुलगी वाया जाते असं पाद्री, शिक्षक आणि संपादक बिनदिक्कत सांगत. १७८८ साली एलिझाबेथ व्हिटमन ही हार्टफर्डची सुशिक्षित, अविवाहित बाई डॅनव्हर्सच्या बेल टॅव्हर्नमध्ये नाव लपवून राहिली आणि बाळंतपणात गेली. वर्तमानपत्रांनी खापर फोडलं ते तिच्या कादंबरीवाचनावर. अशा हवेत पुस्तक घरात शिरवायचं तर उंबऱ्यावरच सांगावं लागे की ही करमणूक नाही, खरी घडलेली गोष्ट आहे आणि पोरींना शहाणं करण्यासाठी लिहिली आहे. राउसनच्या प्रस्तावनेत नेमकं हेच आहे. कथेतही मधेच थांबून ती मुलींशी आणि त्यांच्या आयांशी बोलते. पंधरा वर्षांची शाळकरी शार्लट एका लष्करी अधिकाऱ्याच्या नादाने न्यूयॉर्कला पळते, तो तिला सोडतो आणि ती मुलीला जन्म देऊन मरते. बोध उघड आहे, पण तिला घराबाहेर काढायला मदत करते ती शाळेतलीच फ्रेंच शिक्षिका. म्हणजे बोट नुसतं मुलीकडे नाही, तिला सांभाळायला ठेवलेल्या माणसांकडेही आहे. प्रस्तावना वाचून पुस्तक मिटणारे समीक्षक हे सोडून देतात.

व्हिटमनचीच गोष्ट घेऊन हॅना वेब्स्टर फॉस्टरने १७९७ मध्ये ‘द कॉकेट’ लिहिली. लेखिका म्हणून छापलं : ‘मॅसॅच्युसेट्समधली एक स्त्री’. सगळी कादंबरी ७४ पत्रांची. वर्तमानपत्रांनी जिला धडा म्हणून वापरलं, तिला इथे स्वतःचं म्हणणं मांडायला पत्रांचा कागद मिळाला. माझ्या मते ‘शार्लट’पेक्षा हे पुस्तक कितीतरी सरस आहे. फॉस्टरचं नाव शीर्षकपानावर यायला १८६६ साल उजाडलं. तोवर तिला जाऊन २६ वर्षं झाली होती.

आता पैशाकडे. अमेरिकेचा पहिला कॉपीराइट कायदा ३१ मे १७९० चा. मुदत १४ वर्षं, लेखक हयात असेल तर आणखी १४. छापण्याआधी शीर्षकपानाची छापील प्रत जिल्हा न्यायालयाच्या कारकुनाकडे द्यायची, नोंदणीचे ६० सेंट भरायचे, दोन महिन्यांच्या आत ती नोंद वर्तमानपत्रात चार आठवडे छापून आणायची आणि प्रकाशनानंतर सहा महिन्यांच्या आत एक प्रत परराष्ट्रमंत्र्यांकडे पाठवायची. हा हक्क अमेरिकेचे नागरिक आणि रहिवासी यांनाच. परदेशात परक्या लेखकाने छापलेलं पुस्तक इथे छापायला उघड मोकळीक होती. ‘शार्लट’ १७९१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा राउसन इंग्लंडमध्ये होती. म्हणजे अमेरिकेत कोणीही ती छापावी. पहिल्याच वर्षी केरीची दुसरी आवृत्ती आली, मग बाकीच्या छापखान्यांनी हात धुऊन घेतले. १८१२ साली केरीने तिला कळवलं की विक्री ५०,००० च्या बरीच पुढे गेली असावी. या खपावर कायद्याने तिला एक पैसाही मागता येत नव्हता. शिवाय विवाहित स्त्रीची कमाई तेव्हा नवऱ्याचीच मानली जाई.

इतक्या वेगवेगळ्या आवृत्त्या का, हे छपाईच्या हिशेबात दडलंय. समजा १९२ पानांचं बारापत्री, म्हणजे एका तावाची बारा पत्रं करणारं, पुस्तक आहे. एका तावात २४ पानं, म्हणजे आठ ताव. हजार प्रतींना ८,००० ताव. ४८० तावांचा रीम धरला तर सुमारे १७ रीम. कागद चिंध्यांचा आणि खर्चातला मोठा वाटा त्याचाच, त्यामुळे हजारभर प्रती विकून पाहण्याआधी जास्त कागद कोण अडकवणार? हातयंत्रावर दोन माणसं, एक शाई लावणार, दुसरा दांडा ओढणार. तासाला २५० ठसे ही कागदावरची गती. दोन्ही बाजू धरून १६,००० ठसे, म्हणजे काही अडलं नाही तरी ६४ तास. एक ताव छापून झाला की खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे धातूचे ठोकळे, सोडवून पुन्हा खणात टाकायचे, कारण सगळं पुस्तक जुळवून ठेवण्याइतके खिळे नसत. त्यामुळे प्रत्येक आवृत्ती पहिल्यापासून जुळवायची आणि प्रत्येक वेळी नव्या चुका. १८१३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये स्टिरिओटाइपचे, म्हणजे जुळवलेलं अख्खं पान धातूत ओतून घेतलेले, पत्रे आले, तेव्हा कुठे हे चक्र थांबलं.

या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या जुन्या प्रतीत एखादा शब्द शोधून सापडत नसेल तर कारण बहुधा लांब एस, म्हणजे ‘एस’चं जुनं उभट रूप. तो ‘एफ’सारखा दिसतो आणि संगणक तसाच वाचतो, ‘एस’च्या जागी ‘एफ’ टाकून पाहा. साधारण १८०० ते १८१० च्या दरम्यान हा एस अमेरिकन छपाईतून गेला, त्यामुळे साल नसलेल्या प्रतीचा अंदाजही बांधता येतो.

पैशासाठी ज्युडिथ सार्जंट मरी या निबंधलेखिकेने वेगळी वाट धरली. तिने ‘द ग्लीनर’चे तीन खंड १७९८ मध्ये बॉस्टनला काढले ते आगाऊ वर्गणीदार गोळा करून, म्हणजे आपल्याकडची प्रकाशनपूर्व नोंदणीच. वर्गणीदारांची नावं पुस्तकात छापायची, त्यामुळे नाव झळकावं म्हणूनही लोक पुढे येत. तिच्या यादीत जॉर्ज वॉशिंग्टन होते. शीर्षकपानावर ‘कॉन्स्टान्शिया’ हे टोपणनाव आणि निबंधांत बोलणारा मात्र पुरुष.

राउसनने १७९७ मध्ये बॉस्टनला मुलींची शाळा काढली आणि पुढे भूगोल व शब्दलेखनाची पाठ्यपुस्तकं लिहिली. आता ती अमेरिकेची रहिवासी होती, त्यामुळे या पुस्तकांवर हक्क नोंदवता येत होता. ‘शार्लट’चा पुढचा भाग तिच्या मृत्यूनंतर, १८२८ साली निघाला.

आणखी एक पुस्तक तर लेखिकेने छापायला म्हणून लिहिलंच नव्हतं. हॅरिएट न्यूएल १८१२ मध्ये मिशनरी नवऱ्याबरोबर सेलमहून भारताकडे निघाली आणि त्याच वर्षी १९ व्या वर्षी मॉरिशसमध्ये वारली. तिची रोजनिशी आणि पत्रं १८१४ मध्ये बॉस्टनला पुस्तकरूपाने निघाली, आणि आदर्श चरित्र म्हणून ती पुन्हा पुन्हा छापली गेली. त्याच वर्षी तिचा नवरा सॅम्युएल मुंबईच्या अमेरिकन मिशनमध्ये दाखल झाला. याच मिशनच्या छापखान्यात पुढे मराठीतले सुरुवातीचे मुद्रक गणपत कृष्णाजी छपाई शिकले. सॅम्युएल १८२१ साली मुंबईतच कॉलऱ्याने गेला.