तुक्क्याचे चाळीस प्रश्न

२०२३ च्या जुलैत यूपीएससीची सीएमएस मी पहिल्यांदा दिली आणि सपाटून आपटले. त्या वर्षी जागा होत्या १२६१. एवढ्या जागा असताना लेखीतच गळाले, म्हणून घरी निकाल सांगताना जागांचा आकडा मी गाळलाच.

सीएमएस म्हणजे कम्बाइन्ड मेडिकल सर्व्हिसेस. एमबीबीएसवर केंद्राची नोकरी: रेल्वेत, केंद्रीय आरोग्य सेवेत, नाहीतर दिल्लीच्या पालिकांमध्ये. इंटर्नशिप चालू असतानाही देता येते आणि मुलींना फी नाही. एकाच दिवशी दोन-दोन तासांचे दोन पेपर, प्रत्येकी १२० प्रश्न आणि २५० गुण. पहिल्यात मेडिसिनचे ९६, बालरोगाचे २४. दुसऱ्यात सर्जरी, गायनॅक आणि पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्य, चाळीस-चाळीस. त्यानंतर १०० गुणांची मुलाखत.

आता हे चाळीस-चाळीस नीट वाचा. पीएसएमला सर्जरीइतकंच वजन आहे! आम्ही कॉलेजात हा विषय हजेरीपुरता केलेला. मी तो शेवटच्या पाच दिवसांवर ठेवला होता, आणि मैत्रिणींच्या नीट-पीजीच्या नोट्स घोकत बसले होते.

निकालानंतर बॉण्ड, म्हणजे एमबीबीएसनंतरची सक्तीची सरकारी सेवा, लागला मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात. पहिले दोन महिने पुस्तक उघडलंच नाही. सकाळी ओपीडी, रात्री डिलिव्हरी, मध्ये रिपोर्ट. मोबाइलला रेंज फक्त क्वार्टरच्या मागच्या खिडकीत, त्यामुळे व्हिडिओ लेक्चरचा विषयच संपला. घेतलेल्या क्लासचे पैसे पाण्यात गेले. एका अर्थी बरंच झालं.

एका दुपारी मी लसींचा तक्ता पाठ करत होते. कुठली लस थंडीने गोठून खराब होते, कुठली उष्णतेने, कुठली फ्रिजमध्ये खाली, कुठली वर. हा तक्ता मी तीनदा पाठ करून तीनदा विसरले होते. आमच्या सिस्टर रजिस्टर घेऊन आल्या, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "मॅडम, इकडे या जरा."

कोल्ड चेनच्या खोलीत नेलं, आयएलआरचं, म्हणजे लसींच्या फ्रिजचं, झाकण उघडलं. "हात घाला. तळाशी." घातला. मग वरच्या जाळीच्या टोपलीत घालायला लावला. फरक बोटांना कळत होता. "तळाला जास्त गार. म्हणून पोलिओ, बीसीजी खाली. पेंटा, ती पाच आजारांची एकत्र लस, गोठला की संपला, म्हणून तो वर टोपलीत." एक कुपी काढून त्यावरचा गोल दाखवला: आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चालते. मग मला बाजूला करून झाकण लावलं, काट्यावरचं तापमान वाचलं आणि तक्त्यात लिहिलं. दोन ते आठच्या मध्ये, दिवसातून दोनदा, रविवारीसुद्धा. त्या तक्त्याखाली सही माझी असायची. दोन महिने मी न वाचताच सही करत होते, हे लिहायला लाज वाटते.

तिथून अभ्यासाची दिशाच फिरली. रात्री जे वाचायचं ते दुसऱ्या दिवशी ओपीडीत शोधायचं. दहा महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर, पोट भरभर हलतंय. घड्याळ धरून पूर्ण मिनिट श्वास मोजले, ५४ आले. दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा जास्त म्हणजे जलद. त्या खालच्या वयात ६०, वरच्यात ४०. हे आकडे नंतर कधी पाठ करावे लागले नाहीत. कुपोषण मोजायची दंडाची पट्टी ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेली की लाल, हेही तसंच. सापाचं विष, एक्लॅम्प्शियातलं, म्हणजे गरोदरपणातल्या झटक्यांवरचं, मॅग्नेशियम, सगळं अभ्यासक्रमात होतं आणि माझ्या दारातही.

दुसरं दुखणं तुक्क्याचं. पहिल्या वेळी मी २४० च्या २४० सोडवले होते, मोठ्या अभिमानाने. आता जुने पेपर सोडवताना तुक्का मारलेल्या प्रश्नापुढे 'तु' लिहायला लागले. एका पेपरात असे चाळीस निघाले. नऊ बरोबर, एकतीस चूक. बरोबरला दोनहून किंचित जास्त गुण, चुकीला त्याचा एक तृतीयांश वजा. हिशेब केला: मिळाले पावणेएकोणीस, गेले साडेएकवीस. चार पर्यायांत डोळे मिटून मारलं तर सरासरीने हाती शून्यच येतं, मी त्याच्याही खाली. मग नियम केला: निदान दोन पर्याय खात्रीने कटले तरच हात लावायचा. वर-खाली विधानं देऊन 'यांपैकी कोणती बरोबर' विचारणारे प्रश्न तिथे फार असतात. त्यांत एक विधान पक्कं चूक सापडलं की बऱ्याचदा दोन पर्याय उडतात.

१४ जुलै २०२४, रविवार, केंद्र नागपूर. जागा या वेळी ८२७. शुक्रवारीच एसटीने निघाले, कारण सेमाडोहच्या घाटात पावसाचा भरवसा नाही. या वेळी सतरा प्रश्न कोरे सोडले. सोडताना हात अक्षरशः शिवशिवत होता.

मुलाखत दिल्लीला, यूपीएससीच्या धोलपूर हाऊसमध्ये. मी आजारांची तयारी करून गेले, त्यांनी विचारलं, लोक आधी भुमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे, जातात, मग तुम्ही काय करता? मी सांगितलं, भांडत नाही. श्वास फुललेलं, दूध न पिणारं बाळ आलं तर आमच्याकडे पाठव, एवढं त्याला सांगून ठेवते. "पाठवतो?" "कधी कधी." एक सदस्य हसले. ते बरं हसू होतं की वाईट, आजही सांगता येणार नाही.

अंतिम यादीत नाव बरंच खाली होतं, पण होतं. बॉण्ड संपूनही मी तिथेच कंत्राटी थांबले होते. ओपीडी संपल्यावर सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "रेल्वे का? बरं झालं. पेढे द्यायच्या आधी सकाळच्या टेम्परेचरवर सही करा, राहिलीये."