चिंचा पाडणारा हात आणि फिनलंडची तबकडी

गेल्या जूनमधली, फिनलंडमध्ये डिस्क गोल्फ खेळतानाची गोष्ट. रात्रीचे नऊ वाजले होते आणि ऊन आपल्याकडच्या साडेपाचसारखं होतं. माझी तबकडी एका दाट स्प्रूसच्या झाडामागे जाऊन पडली होती. बास्केट समोर तीस-बत्तीस मीटरवर, पण मध्ये हे झाड भिंतीसारखं उभं. फांद्या जमिनीपर्यंत, त्यामुळे खालून जागा नाही, आणि बाजूने जावं तर दोन्हीकडे बर्चची झाडं. माझ्याबरोबर आमचे शेजारी होते. सत्तरीचे गृहस्थ, तासाभरात चार वाक्यं बोलले तर खूप. त्यांनी झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बोट नुसतं वर केलं. वरून टाक.

वरून टाकणं मला जमतं, याचं श्रेय सांगलीतल्या आमच्या शाळेमागच्या चिंचेला. अख्खा चौथी-पाचवीचा काळ मी दगड मारून चिंचा पाडण्यात घालवलाय, लगोरीत नेम माझा पक्का असायचा. तबकडी आडवी फेकणं मात्र आमच्या हाडात नाही. इथली मुलं चालायला लागली की फेकायला लागतात. मी पस्तिशीनंतर शिकले आणि अजूनही माझी आडवी फेक बघून लोक नम्रपणे दुसरीकडे बघतात.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल्फच, पण चेंडूऐवजी तबकडी आणि भोकाऐवजी खांबाला साखळ्या टांगलेली बास्केट. कमीत कमी फेकींत तबकडी साखळ्यांत घालायची. ही बास्केट एड हेड्रिक या अमेरिकन माणसाने 1970च्या दशकात काढली. 2002मध्ये ते गेल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख तबकड्यांच्या प्लास्टिकात मिसळली. आपल्याकडे अस्थी नदीत, त्यांच्या साखळ्यांत! फिनलंडमध्ये गावोगावी कोर्स, म्हणजे या खेळाची मैदानं, आहेत, बहुतेक फुकट. फोनमुळे आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं नोकिया हे मुळात एक गाव आहे, आणि तिथल्या ‘द बीस्ट’ नावाच्या कोर्सवर युरोपियन ओपनसारख्या मोठ्या स्पर्धा झाल्या आहेत. आमचा घरामागचा कोर्स मात्र साधा, नऊ बास्केटचा, आणि ऑगस्टमध्ये तबकडी शोधता शोधता ब्लूबेरी खाऊन जीभ निळी होते.

तर त्या संध्याकाळी मी वरून टाकली. हातात होती लेपर्ड नावाची गुलाबी, दीडशे ग्रॅमची हलकी तबकडी. मी लहान चणीची म्हणून दुकानदाराने हीच दिली होती. अंगठा आतून कडेला लावला आणि चिंचेवर दगड भिरकावतात तशी पूर्ण जोराने सोडली. वर गेली, झाडाच्या शेंड्यापाशी पोचली आणि तिथेच उताणी होऊन पाठीवर पडलेल्या झुरळासारखी फांद्यांत अडकली. शेजारी काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून स्वतःची एक जुनी नारिंगी तबकडी काढली आणि माझ्या हातात दिली. फायरबर्ड. कडा चावून टाकल्यासारख्या, वरचा शिक्का पुसट झालेला. तोच जोर, तोच हात. ही झाडाच्या वरपर्यंत रुपयाच्या नाण्यासारखी उभीच्या उभी गेली, पलीकडे गेल्यावर मग सावकाश कलंडली आणि बास्केटपासून पाच-सहा पावलांवर धप्पकन पडली.

त्या दोन फेकींतला फरक समजून घेण्यात माझा तो अख्खा उन्हाळा गेला. नवरा म्हणतो, एवढ्या वेळात ड्रायव्हिंग लायसन्स झालं असतं.

तबकडीवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीच्या वळणाचा, चौथा शेवटी वेग मेल्यावर ती किती ओढली जाते त्याचा. लेपर्डचे 6, 5, उणे 2, 1. फायरबर्डचे 9, 3, 0, 4. हे सगळे आकडे आडव्या फेकीसाठी लिहिलेले आहेत, आणि दुकानात ही गोष्ट कुणी सांगत नाही. वरून टाकताना ते उलथे करून वाचावे लागतात. लेपर्डचा तो पाच, म्हणजे छान तरंगणं, इथे जवळजवळ फुकट जातो, कारण तबकडी उताणी झाली की तरंगणं संपलं. बघायचा तो तिसरा आणि चौथा आकडा. उणे दोनवाली लगेच पाठीवर पडते. शून्य आणि चार असलेली बराच वेळ उभी राहते.

का, ते मला भोवऱ्यावरून कळलं. फिरणाऱ्या भोवऱ्याला बाजूने बोट लावलं तर तो तिकडे पडत नाही, काटकोनात भलतीकडेच झुकतो. तबकडीचंही तसंच. उभी सोडली की तिच्या घुमटाकडच्या आणि पोकळ बाजूला हवा सारखी लागत नाही. हवा तिचं नाक एका अंगाला दाबते, आणि ती मात्र फिरत असल्यामुळे हळूहळू पाठीवर लोळते. जी तबकडी हवेच्या या दाबाला जास्त विरोध करते ती उशिरा लोळते. लोळायच्या आधी जेवढं अंतर काटलं तेवढंच आपलं, त्यानंतर जवळजवळ सरळ खाली.

पकडी दोन. अंगठा आतल्या कडेला आणि बाकीची मूठ बाहेर, हा थंबर. दोन बोटं आत आणि अंगठा वर, हा टोमाहॉक. दोन्हीत तबकडीची तोंडं विरुद्ध दिशेला असतात, त्यामुळे एक ज्या बाजूला वळते त्याच्या उलट दुसरी. जंगलात हे सोन्यासारखं आहे: झाड कुठल्या बाजूला आहे ते बघायचं आणि पकड ठरवायची. मला थंबर सोपा जातो. टोमाहॉकने कोपर दुखतं.

मग मी दुकानातल्या जुन्या तबकड्यांच्या कप्प्यापाशी घुटमळायला लागले. नवी पंधरा-वीस युरोंना, जुनी बरीच स्वस्त, आणि मागे आधीच्या मालकाचा फोन नंबर खोडलेला असतो. कप्प्यातून काढून प्रत्येकीला मी अंगठ्याने दाबून बघते, जसा आपण हापूस बघतो, फक्त इथे मऊ लागली की परत ठेवायची. उभ्या फेकीत सगळा जोर एका अंगठ्यावर येतो, प्लास्टिक लवलं की तबकडी सुटतानाच डुगडुगते. कडक, पारदर्शक प्लास्टिक सर्वांत बरं. ते झाडावर आपटलं तरी टवके उडत नाहीत. स्वस्त प्लास्टिकला टवके उडाले की तबकडी लवकर लोळायला लागते, मग तिच्यावरचे आकडे म्हणजे जुन्या पगाराची स्लिप.

वजन एकशे सत्तरच्या वर घ्यावं असं माझं मत. या मापाच्या तबकडीला साधारण एकशे पंचाहत्तर ग्रॅमच्या पुढे नियमानेच जाता येत नाही. हलकीचा मोह होतो, ‘हात भरून येणार नाही’ असं वाटतं. पण हलक्या दगडाने चिंच कधी पडलीय का? कडेच्या रुंदीचं मात्र जपून. बारा-तेरा वेगाच्या तबकड्यांची कड इतकी रुंद असते की माझा अंगठा आत पोचल्यावर बाकीच्या बोटांना काही उरतच नाही. नऊवाली माझ्या मुठीत बसते. मोठ्या पंजाच्या माणसाने खुशाल बारा घ्यावी. वळण न घेणाऱ्या पुटरनेही (बास्केटजवळून टाकायची संथ तबकडी) थंबर टाकणारे लोक आहेत, पण त्यांच्या खोल कडेत माझा अंगठा सोलून निघाला. त्या दिवशी पोळ्या नवऱ्याने लाटल्या, आणि त्यांचे आकार हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

खांद्याबद्दलही सांगते, कारण हे मी भोगलंय. पहिल्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात एका संध्याकाळी पन्नास फेकी मारल्या. दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना. शाळेतला खांदा आणि चाळिशीतला खांदा यांत फरक आहे, हे कळायला मला एक फेरी आणि तीन रात्री गरम पाण्याची पिशवी लागली. आता आधी दहा-बारा फेकी अर्ध्या जोराने, आणि पूर्ण जोराच्या एका खेळात सात-आठच.

लेपर्ड मी टाकून दिली नाही. शेजाऱ्यांनीच दाखवलं की जवळचंच, पंधरा-वीस मीटरवरचं झाड ओलांडून लगेच खाली पाडायची असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. ती पटकन उताणी होते आणि पोळीसारखी चपटी पडते. फायरबर्ड एवढ्या जवळ टाकली तर लोळायच्या आत कडेवर उतरते आणि चाकासारखी घरंगळत तळ्याकडे निघते.

हिवाळ्यात मात्र वरून टाकणं म्हणजे जुगार. आडवी फेकलेली तबकडी बर्फावरून घसरते, उभी टाकलेली सुरीसारखी आत जाते आणि वर फक्त एक बारीक चीर उरते. म्हणून इथे लोक तबकडीच्या पोटाला लांब रंगीत रिबीन चिकटवतात. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं, पतंगाला शेपूट लावतात तसं काय हे? आणि उणे दहात बाहेर कशाला मरायला जातेस?" जानेवारीत माझी फायरबर्ड (शेजाऱ्यांनी ती परत घेतलीच नाही) सातव्या बास्केटजवळ रिबिनीसकट गडप झाली. तास-दीड तास काठीने बर्फ खोदला. बोटं बधिर झाल्यावर घरी आले.

एप्रिलच्या शेवटी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. नारिंगी तबकडी, सातव्या बास्केटच्या डोक्यावर ठेवलीय. नाव नाही, गाव नाही, हसरा चेहरासुद्धा नाही. संध्याकाळी गेले तर होती तिथेच. रिबीन निघून गेलेली, माझा नंबर जेमतेम वाचता येण्याजोगा, आणि कडेवर कुणा कुत्र्याच्या दातांचे चार नवे खड्डे. तिथूनच एक थंबर टाकून बघितला. पूर्वीपेक्षा जरा लवकर लोळते.