रात्रभर मुरलेला बासा

घरी येऊन मासे शिकवा म्हणून मला बोलावणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: ग्रिल करताना मासा तव्याला चिकटतो आणि उलटायला गेलं की त्याचा भुगा होतो. जुलैतल्या त्या रविवारी ठाण्याच्या काकूंनीही फोनवर तेच सांगितलं होतं. नॉनस्टिक ग्रिल पॅन बदलून झाले, तेल वाढवून झालं, फरक शून्य. त्यांच्या ओट्यावर पोहोचले तेव्हा मात्र तवा बघायची गरजच उरली नाही. बासाचे सहा फिले दही, आलं-लसूण, दोन लिंबांचा रस आणि मीठ लावून ताटात पसरलेले होते. "अहो, रात्रीच लावून ठेवलंय. मसाला आतपर्यंत जायला हवा ना?" ताटात वाटीभर पांढुरकं पाणी साचलेलं, आणि फिल्यांच्या कडा खडूसारख्या पांढऱ्या पडलेल्या.

लिंबाच्या आम्लाने माशाचं प्रथिन चुलीवर न चढताच घट्ट होतं. दहा मिनिटांत हे वरवर होतं आणि चवीला बरंही लागतं. दहा तासांत ते आतवर पोहोचतं, प्रथिन आपलं पाणी सोडून देतं आणि थर सुटे होतात. मटणाला रात्रभर मुरवतात ते त्याच्या चिवट धाग्यांसाठी. माशात चिवट असं काही नसतंच. त्याचं मांस आखूड थरांचं, आणि थरांमधला पडदा इतका नाजूक की पन्नास अंशांच्या आसपास तो विरघळायला लागतो. शिजलेला मासा पदरांनी सुटतो तो यामुळेच.

त्यात हा गोठवलेला बासा. पाकीट कचऱ्यातून काढून वाचलं. घटकांत मासा, पाणी, मीठ आणि ४५१, ४५२ हे क्रमांक होते. हे फॉस्फेट, मांसात पाणी धरून ठेवण्यासाठी वापरतात. वरून बर्फाचा लेप असतो तो वेगळाच. असा फिले तापला की धरलेलं पाणी बाहेर येतं, आणि ग्रिलच्या शत्रूंत पाण्याचा नंबर पहिला. ओल असेपर्यंत माशाचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही. म्हणजे रंग नाही, कवच नाही. मऊ, अर्धवट शिजलेलं प्रथिन लोखंडाला घट्ट धरून बसतं. मग आपण उलथण्याने ओढतो, पापुद्रा तव्यावर राहतो आणि उरलेलं तुटतं. तेल वाढवून हे सुटत नाही. पाण्याखाली तेल असून नसून सारखंच.

ते सहा फिले ग्रिलवर जाणार नव्हते, हे काकूंना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. सुदैवाने फ्रिजमध्ये जिताडा होता. पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद असली तरी रायगडच्या खारेपाटातल्या तळ्यांमधला जिताडा बाजारात मिळतो, आणि ग्रिलसाठी मला तो बासाहून कितीतरी सरस वाटतो: घट्ट मांस, अंगात चरबी, जाड कातडी. कोळीण मावशींनी दोन किलोच्या माशाचे कातडीसकट फिले काढून दिले होते, आठशे ग्रॅमच्या आसपास. एवढंच निघतं, डोकं आणि काटा कालवणाला.

बोट उलट्या दिशेने फिरवून मधल्या रेषेतले काटे शोधले आणि चिमट्याने डोक्याच्या दिशेला तिरके ओढून काढले. सरळ वर ओढले तर मांस फाटतं. मग एक लिटर गार पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ विरघळवून फिले त्यात दहा मिनिटं ठेवले. ही पायरी लोक गाळतात, मी कधीच गाळत नाही. बाहेरचा थर जरा घट्ट होतो, मीठ सगळीकडे सारखं लागतं, आणि शिजताना वर येणारा पांढरा साका बराच कमी होतो. वीस मिनिटं ठेवलं तर खारट लागतो, म्हणून घड्याळ लावायचं. बाहेर काढून सुती कापडाने दाबून टिपायचं, घासायचं नाही, आणि जाळीवर कातडी वर करून फ्रिजमध्ये उघडं ठेवायचं अर्धा-पाऊण तास. हात लावल्यावर कातडी ओली नाही, किंचित चिकट लागली की झालं.

मसाला कोरडाच: अर्धा चमचा हळद, दोन चमचे बेडगी तिखट, चिमूटभर मिरपूड. आल्या-लसणाचा गोळा नको, त्याचे कण खाचांत पडून जळतात आणि कडू होतात. फक्त पिळून काढलेला रस, एक चमचा. आंबटपणासाठी कोकमाचं आगळ एक चमचा, तेही तव्यावर टाकायच्या पाच मिनिटं आधी. आगळात मीठ असतं, त्यामुळे मसाल्यात वेगळं घातलं नाही. शेवटी चमचाभर तांदळाचं पीठ चाळणीतून भुरभुरवलं, उरलीसुरली ओल ते शोषून घेतं. रवा तळायला छान, ग्रिलवर नको; गळून खाली करपतो.

नॉनस्टिक बाजूला ठेवून काकूंचा जुना बिडाचा खाचांचा तवा काढला. मध्यम आचेवर सात मिनिटं रिकामा तापवला. पाण्याचा थेंब टिकून पळायला लागला की तयार. तेल तव्याला नाही, माशाला लावायचं, शेंगदाण्याचं किंवा रिफाइंड. खोबरेल लवकर धुरकटतं, हवं तर उतरवल्यावर वरून घाला. शेपटीकडचा पातळ भाग खाली दुमडला, नाहीतर मधला भाग शिजेपर्यंत तो वाळतो.

कातडीची बाजू खाली, खाचांना तिरपी. कातडी आक्रसून फिले वाकतो, म्हणून पहिला अर्धा मिनिट उलथण्याने सपाट दाबून धरला. त्यानंतर हात लावायचा नाही. काकूंचा हात दोनदा पुढे आला, दोनदा थांबवला. चार मिनिटांनी कोपऱ्याखाली पातळ उलथणं सरकवून पाहिलं: अडत होतं. अजून पाऊण मिनिट, आणि कातडी आपली आपण सुटली. कवच धरलं की मासा स्वतःच तवा सोडतो. अडतोय म्हणजे अजून वेळ आहे.

दुसरी बाजू दोनच मिनिटं. इंचाला दहा मिनिटं हा जो ठोकताळा सांगतात तो साधारण बरोबर आहे, पण तापलेल्या बिडावर सात-आठ पुरतात. सगळ्यात जाड जागी थर्मामीटर ५६ दाखवत होता तेव्हा उतरवला. ताटलीत दोन-तीन मिनिटांत तो आणखी तीन-चार अंश चढतो. अमेरिकी अन्नसुरक्षेचा आकडा ६३ आहे. घरात गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर तिथपर्यंत न्या, जरा कोरडा झाला तरी चालेल. थर्मामीटर नसेल तर जाड भागात टूथपिक खुपसा: पदर सहज सुटले आणि अगदी मधे किंचित काचेरी झाक दिसली, की उतरवा.

राहिला बासा. मसाला पुसून काढला, फिले कापडात दाबले तेव्हा आणखी बरंच पाणी निघालं. पावसाळा असल्यामुळे खालच्या भाजीवाल्याकडे हळदीची पानं होती. एकेका पानात एकेक फिले गुंडाळून झाकण ठेवून मंद आचेवर भाजला, दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं. पान लोखंडाला लागतं, मासा लागत नाही. खाताना मऊ, आंबट, भाकरीबरोबर बरा. काकूंच्या मुलाला तोच जास्त आवडला, त्यावर मी काही बोलले नाही.

तवा धुवायच्या वेळी काकू तो गरमच नळाखाली नेत होत्या, तेवढं अडवलं. तापलेलं बीड गार पाण्याने तडकतं. कोमट झाल्यावर जाडं मीठ टाकून नारळाच्या शेंडीने खाचा घासायच्या, पाण्याने धुवायचं, गॅसवर वाळवून तेलाचं बोट फिरवायचं.