वाऱ्याची कातर

कुंपण कातरायचं ठरलं की मी आधी दोन खुंट्या ठोकते, त्यांच्यामध्ये सुतळी ताणून बांधते आणि मागे सरकून एक डोळा मिटून बघते. सुतळी सरळ असते. कुंपण नसतं. समुद्राकडचं टोक माझ्या कमरेशी थांबलेलं, घराकडचं डोक्याच्या वर गेलेलं, आणि मधला सगळा भाग उतरत्या छपरासारखा. आमचं कुंपण काटकोनात आहे. त्याची एक बाजू समुद्राला तोंड देऊन उभी आहे, दुसरी तिथून घरापर्यंत येते. हा उतार त्या दुसऱ्या बाजूचा. दर वेळी वाटतं, यंदा एका पातळीत आणायचंच. पण तसं करायचं तर उंच टोक कापून बुटक्याच्या बरोबरीला आणावं लागेल. बुटक्याला वर ओढणं काही माझ्या हातात नाही, कारण तिथे माझ्या आधी कोणीतरी कातर चालवून गेलेलं असतं.

किनाऱ्यावरची एका अंगाला झुकलेली झाडं बघून मला कितीतरी वर्षं वाटायचं की वाऱ्याने ती वाकली. थोडीफार वाकतातही. पण बरंचसं काम वाकवण्याचं नसून छाटण्याचं असतं. लाट फुटते, फेसातले बुडबुडे फुटतात, त्यांचे बारीक तुषार वाऱ्यावर चढतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ, आणि तेच मीठ थेंबाथेंबाने पानांवर येऊन बसतं. वाऱ्याने पानं एकमेकांवर घासतात, उडालेली वाळू त्यांना ओरखडे पाडते, आणि त्या ओरखड्यांतून मीठ आत शिरतं. मग पानाची कड आधी तपकिरी होते, इस्त्री जास्त वेळ टेकवल्यासारखी. वाऱ्याच्या अंगाचे कोवळे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, उमलायच्या आधीच जळतात. आडोशाचे वाचतात, तेच वाढतात. झाड वाऱ्याला पाठ दाखवून पळाल्यासारखं दिसतं खरं, पण ते जागचं हललेलंही नसतं. त्याचा पुढचा अर्धा भाग कधी झालाच नाही, एवढंच.

हे कळायच्या आधी मी भिंतीच्या मागे लागले होते. वारा नको ना, मग तो अडवायचा, असा सरळ हिशेब. समुद्राच्या बाजूला पत्रे उभे केले आणि त्यांच्या मागे मोठ्या हौसेने झेंडू लावला. पहिला जोराचा वारा आला आणि झेंडू आडवा झाला, तोही समुद्राच्या दिशेने! पत्र्याने वारा थांबत नाही, तो वरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरे घालत खाली कोसळतो. शेजारच्या काकांनी पत्र्यांकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघितलं. "अगं, वाऱ्याला वाट दे. त्याला अडवलंस तर तो भांडेल," एवढंच म्हणाले आणि आत गेले. तेव्हा मला ते नुसतं बोलायचं म्हणून बोलल्यासारखं वाटलं. पुढे वाचलं तर वाराअडव्यांचं गणितही तेच सांगतं: जवळपास निम्मा वारा गाळून आत सोडणारं कुंपण सगळ्यांत कामाचं. ते वाऱ्याचा जोर काढून घेतं आणि त्याचा आडोसा आपल्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत पोचतो. म्हणजे दोन मीटरच्या कुंपणामागे वीस मीटरची बाग तग धरते. पत्रे उतरवले. त्यातला एक आधीच स्वतःहून उतरला होता.

मग लावली कोयनेल. काही जण तिला कडू मेंदी म्हणतात. पानं गुळगुळीत, जाडसर, चकचकीत, वरून मेण चोपडल्यासारखी. खारं पाणी, रेताड जमीन, खाडीची कड, कशाचंच तिला वावडं नाही. भारतापासून ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंतचे किनारे हे तिचं माहेर. तिची फळं पाण्यावर तरंगतात, त्यामुळे हा प्रवास तिने फुकटात केला असणार. पान इतकं कडू की गुरं सहसा तोंड लावत नाहीत. मी चाखून पाहिलंय. गुरांचं बरोबर आहे.

तिच्या नावाची मात्र मला फार गंमत वाटते. १७५३ साली लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं नाव ठेवलं व्होल्कामेरिया इनर्मिस. इनर्मिस म्हणजे निःशस्त्र, बिनकाट्यांची. १७८८ मध्ये गेर्टनर या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला क्लेरोडेंड्रम या गटात नेऊन बसवलं. तिथे ती सव्वादोनशे वर्षं नांदली, आणि २०१० च्या सुमारास जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी तिला पुन्हा व्होल्कामेरियात परत पाठवलं. माहेर-सासर-माहेर झालं, पण इनर्मिस काही सुटलं नाही. राखणीला उभं करायचं आणि नाव ठेवायचं निःशस्त्र! पण किनाऱ्यावर राखण करायची ती चोरापासून थोडीच. वाऱ्याला काटे टोचत नाहीत.

तिला लावणं म्हणजे काड्या खोचणं. पेन्सिलीएवढ्या जाड काड्या, हातभर चर खणून शेणखत मिसळलेल्या मातीत, वीतभर-दीडवीत अंतराने, दोन ओळींत, एका ओळीतली काडी दुसरीच्या फटीसमोर येईल अशी. मी अधीर, म्हणून कुंडीतली वाढलेली चार उंच रोपंही आणून मधे लावली होती. ती वर्षभर वाऱ्यात गदागदा हलत राहिली, त्यांना मूळच धरता येईना. शेजारच्या बोटभर काड्या जमिनीशी चिकटून राहिल्या आणि दुसऱ्या वर्षी त्यांना गाठून पुढेही गेल्या. वाळू पाणी धरत नाही, त्यामुळे पहिली दोन वर्षं पाणी आणि बुडाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, यात कुचराई चालत नाही. पुढे तिचं ती बघते.

खरा जीव जातो तो शेंडे खुडताना. एवढंसं रोप, कुठे आत्ता गुडघ्याला लागलंय, आणि त्याचा शेंडा खुडायचा? काका कुंपणापलीकडून ओरडायचे, "खुड, खुड, नाहीतर नुसती छडी होईल." त्यांचं बरोबर होतं. शेंड्यात ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते खाली उतरत राहतं आणि बाजूच्या डोळ्यांना दबवून ठेवतं. १९३३ मध्ये थिमन आणि स्कूग या दोघांनी एका शेंगवर्गी रोपाचा शेंडा तोडून तिथे ऑक्सिन लावून पाहिलं, तर शेंडा नसूनही बाजूचे डोळे गप्पच राहिले. थोडक्यात, घरातलं मोठं माणूस खाकरलं की बाकीचे गप्प, तसा प्रकार. शेंडा गेला की आठ-दहा दिवसांत पानांच्या बगलेत हिरवे ठिपके दिसतात, मग त्यांचे फुटवे होतात. एकाच्या जागी दोन, दोनाचे चार. कुंपण दाट होतं ते असं, दर वेळी थोडं थोडं मागे येऊन.

कातरताना बूड रुंद आणि माथा अरुंद ठेवायचा. माझ्या हातून नेमकं उलटं व्हायचं, कारण खाली वाकायला कंटाळा. दोन वर्षांत वरचा पसारा खालच्या पानांचं ऊन खाऊन बसला आणि बुडाशी नुसत्या काटक्या उरल्या. त्यातून शेजारचं मांजर दिमाखात ये-जा करू लागलं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असेल, मांजराची नसते. उघडं पडलेलं बूड भरायला मग पुढची तीन वर्षं गेली.

आणखी एक चूक मी एकदाच केली. जोराच्या वाऱ्याचे दिवस तोंडावर आलेले असताना छान कातरून काढलं. कातरल्यावर फुटते ती पालवी लुसलुशीत, तिच्यावर अजून मेणाचा हात फिरलेला नसतो. आठवड्यात सगळी काळी पडली. आता त्या दिवसांच्या महिनाभर आधीच कातर खुंटीला टांगते. वादळ होऊन गेलं की मात्र नळी घेऊन गोड्या पाण्याने समुद्राकडची पानं धुऊन काढते. जळक्या कडांची पानं तोडायची घाई करत नाही. कितीही कुरूप दिसली तरी मागच्या फुटव्यांना तोवर त्यांचाच आडोसा असतो.

लोकांना वाटतं सदाहरित म्हणजे पान गळतच नाही. झाडू हातात घेतलेल्या माणसाला विचारा. पानझडी झाड एकदाच काय ते आटोपतं. हे बाराही महिने थोडं थोडं गाळतं, पण नवं आल्याशिवाय जुनं सगळं सोडत नाही, म्हणून बघणाऱ्याला कळत नाही. बुडाशी हात घातला की पिवळी, तपकिरी, जाळी झालेली पानं थराथराने निघतात आणि त्यांच्याखालची माती इतर बागेपेक्षा काळी असते.

समुद्राच्या तोंडावरची बाजू मी अलीकडे कातरतच नाही. तिथे जे काय ठरवायचं ते वारा ठरवतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. बिनकातरलेली म्हणून फुलं तिथेच येतात. बहुधा तीन-तीनच्या झुबक्यात, पांढरी, लांब नळीची, आणि नळीबाहेर आलेले जांभळट केसर. वास संध्याकाळी सुटतो. तिन्हीसांजेला भुंग्याएवढा एक पतंग येतो, फुलावर बसत नाही, समोर हवेतच तरंगत सोंड आत घालतो आणि दुसऱ्या फुलाकडे सरकतो.

यंदाही खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, डोळा मिटला. मग कातर ठेवून दिली आणि सुतळी सोडून कुंपणाच्या आतल्या अंगाला, दोन खांबांच्या मधे बांधली. तिच्यावर आता कपडे वाळतात. पूर्वी ते चिमट्यांसकट उडून जायचे, आता जागच्या जागी हेलकावतात. वाळून कडक मात्र होत नाहीत, थोडे दमट, थोडे चिकटच राहतात. काल एका सदऱ्याची कॉलर चाखून पाहिली. खारट.