पोर्ट बोर्डावर, चित्र प्रोसेसरमधून: माझे २६ दिवस

डीटीपीचं काम घरूनच करतो, साताऱ्यात. दिवाळी अंकाची पानं हातात असताना २००९ सालचा पीसी बंद पडला, म्हणून पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन नवा जुळवून घेतला. इंटेल आय५ बारावी पिढीचा प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड (पुढे नुसता ‘बोर्ड’), १६ जीबी रॅम. ग्राफिक्स कार्ड नको, हे दुकानदाराला दोनदा सांगितलं होतं. पानं लावायला, फोटो बसवायला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनसाठी चित्र तयार करणारा भाग, पुरतं. खरेदी, जोडणी, एसटीने घरी आणणं, सगळं एका दिवसात झालं.

घरी एचडीएमआय केबल लावली, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. केबल बदलली. व्हीजीए या जुन्या पद्धतीच्या पोर्टवर जुना मॉनिटर लावून पाहिला. रॅम काढून घातली, बोर्डावरचा सेल काढून दहा मिनिटांनी परत बसवला. काही नाही. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात, त्यांतला ‘व्हीजीए’ लिहिलेला दिवा लागून राहत होता. दुकानदाराला फोन केला तर उत्तर तयार होतं: “बोर्ड गेलाय, सर्व्हिस सेंटरला द्या.”

तिथून माझा खरा त्रास सुरू झाला. इथल्या टेक्निशियनने बोर्ड सुटा केला, प्रोसेसर त्याच्या खोक्यात घालून मी कपाटात ठेवला आणि एकटा बोर्ड घेऊन पुण्याला गेलो. काउंटरवर फॉर्म भरला. बोर्डाचा सीरियल नंबर, बिलाची तारीख, तक्रार. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, ‘डिस्प्ले येत नाही’. काउंटरवरच्या मुलाने सॉकेटच्या पिना भिंगाखाली तपासल्या, शिक्का मारला, पावती दिली. अकरा दिवसांनी मेसेज आला. गेलो तर पाकिटावर लिहिलेलं, ‘दोष आढळला नाही’. घरी आणून जोडला, पुन्हा ‘नो सिग्नल’. परत स्वारगेट, परत तीच रांग, तोच फॉर्म. या वेळी मी सांगितलं, तुमच्याकडे चालतो आणि माझ्याकडे चालत नाही, असं कसं? उत्तर मिळालं, “आम्ही आमच्या प्रोसेसरवर टेस्ट करतो, सर.” आणखी नऊ दिवस गेले, पाकिटावर पुन्हा तेच वाक्य.

अंकाची पानं तोवर मी मित्राच्या ऑफिसात संध्याकाळी सातनंतर बसून लावत होतो. मला आजही राग येतो तो एवढ्याचसाठी, की दोन्ही खेपांत एकानेही विचारलं नाही, ‘तुमचा प्रोसेसर कोणता?’ फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता. डिस्प्लेच्या तक्रारीत हा पहिला प्रश्न असायला हवा.

उलगडा घरीच झाला. दुसऱ्यांदा बोर्ड आणल्यावर टेक्निशियन प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसत होता, मी शेजारी बसलो होतो. धातूच्या टोपणावरची अक्षरं दिसली: आय५-१२४००एफ. बिलावर मात्र नुसतं १२४००. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स वापरता येत नाही. साध्या १२४०० मध्ये यूएचडी ७३० नावाचं ग्राफिक्स असतं. बोर्डावरचे एचडीएमआय आणि व्हीजीए पोर्ट हे नुसते दरवाजे, चित्र प्रोसेसरने पाठवायचं. बोर्डाच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात हे छापलेलंही होतं.

माझ्या डोक्यात जुनं गणित होतं. जुन्या पीसीत जी३१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपा) बोर्ड होता. तेव्हा ग्राफिक्स बोर्डावरच्या चिपसेटमध्ये असायचं, प्रोसेसर कोणताही बसवा, बोर्ड चित्र द्यायचा. २०१० नंतर ते प्रोसेसरकडे गेलं, पण आपण अजून ‘ऑनबोर्ड ग्राफिक्स’च म्हणतो.

खात्री करायला भाच्याचं जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आणून लावलं. केबल मात्र कार्डालाच लावायची, बोर्डाला नाही. दहा सेकंदांत चित्र आलं. दुसऱ्या दिवशी बिल, खोकं आणि प्रोसेसरचा फोटो घेऊन दुकानात उभा राहिलो. ‘वापरलेला माल परत नाही’ हे ऐकून घेतलं आणि बिलावरचं नाव व खोक्यावरचं नाव शेजारी शेजारी ठेवलं. अर्ध्या तासात वरचा एक पैसाही न देता एफ नसलेला १२४०० मिळवला. त्याचा मला अभिमान आहे.

म्हणून सांगतो, दुकानातून निघण्याआधी बिल आणि खोकं अक्षरन् अक्षर ताडून पाहा आणि तिथेच, वेगळं कार्ड न लावता, स्क्रीन सुरू करून घ्या. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या, एएम४ सॉकेटवर बसणाऱ्या प्रोसेसरांत उलटी खूण आहे: रायझन ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. कार्ड घेणारच असाल तर एफ वाईट नाही, सहसा स्वस्तच पडतो. अजून एक राहिलं: फोर-के मॉनिटर घेणार असाल तर बोर्डावरचा एचडीएमआय कोणता ते बघा. १.४ असेल तर फोर-के ३० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवरच, चालतं आणि माउस ओढल्यासारखा जाणवतो. ६० साठी २.० किंवा डिस्प्लेपोर्ट हवा. आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच वाटा घेतं, त्यामुळे ८ जीबीवर भागवू नका. शक्य असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या लावा, रॅमकडे जायला दोन वाटा (चॅनेल) मिळाल्या की ग्राफिक्सला फरक पडतो.

नवा प्रोसेसर बसल्यावर दोन्ही पोर्ट जागे झाले. एचडीएमआयवर नवा मॉनिटर आहे, व्हीजीएवर जुना. एकावर पान उघडं असतं, दुसऱ्यावर लेखकाचं हस्तलिखित.